शिंदी सुटताना

आमच्या भागात शिंदीला, म्हणजे शिंदीच्या झाडाच्या आंबलेल्या रसाला, कुणी दारू म्हणत नाही. देगलूर तालुक्यातलं आमचं गाव. एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. सीमेपलीकडं तिला कल्लू म्हणतात, अलीकडं शिंदी. ती उष्णता मारते, पोट साफ ठेवते, दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईच्या कंबरेला आराम देते, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. लेकरू रडायचं थांबेना म्हणून त्याला घोटभर पाजणाऱ्या आज्याही मी पाहिल्यात. त्यामुळं माझे वडील, बापू, वीस-बावीस वर्षं शिंदी पीत होते तरी आमच्या घरात "बापू पितेत" हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. "बापू दुकानाकडं गेलेत", एवढंच.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी ती त्यांची शिंदी चार दिवसांत सोडवायला निघालो, आणि त्या चार दिवसांत बापू जाता जाता राहिले. त्यानंतर मला अशी बरीच घरं भेटली जिथं लोकांनी अगदी माझ्यासारखंच केलं होतं. म्हणून जसं घडलं तसं लिहितो आहे.

बापू आधी संध्याकाळी एक बाटली घ्यायचे. २०१५ च्या दुष्काळात वैरण मिळेना, तेव्हा हरण्या आणि लाल्या ही बैलजोडी विकावी लागली. पुढच्या वर्षी नाल्याकडची पट्टीही गेली. त्यानंतर दुपारची बाटली सुरू झाली, मग सकाळची. शेवटच्या वर्षात तर ते पहाटेच उठून बसायचे, दुकान उघडायची वाट बघत. हात इतके थरथरायचे की चहाची बशी तोंडापर्यंत जायची नाही. एक बाटली पोटात गेली की हात थांबायचे. मला वाटायचं वय झालं. हा थरकाप म्हणजे शरीर पुढचा घोट मागतं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी कृषी सेवा केंद्रात काम करतो. पंधरा लिटरच्या पंपाला कुठलं औषध किती मिली टाकायचं हे दिवसातून पन्नास वेळा सांगतो. घरातल्या माणसाच्या पोटात रोज काय जातं आणि किती जातं, हे मात्र मोजलं नाही.

निमित्त माझ्या पोराचं झालं. तो चौथीत होता. शाळा सुटल्यावर त्याला आजोबा ओढ्याच्या काठी तोंडावर पडलेले दिसले आणि तो तसाच रडत घरी आला. त्या रात्री मी ठरवलं, आता बास. आमच्या दाजींनी सल्ला दिला, "खोलीत घाला, बाहेरून कडी लावा. चार दिवस बोंबलतील, मग आपोआप सुटंल. आमच्या गावात असंच सोडवतेत." मला ते पटलं. बापूंना बैठकीच्या खोलीत नेलं आणि मी स्वतःच्या हातानं बाहेरून कडी घातली.

पहिल्या दिवशी ते नुसते चिडले. संध्याकाळपर्यंत हातांचा थरकाप सगळ्या अंगात पसरला, आणि श्रावणातल्या गारव्यात सदरा घामानं भिजून गेला. दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा पोटात ठरेना. डोळा लागेना. मी त्यांना तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं "अशक्तपणा आहे" म्हणून ग्लुकोजची बाटली चढवली आणि परत पाठवलं. शिंदी बंद केल्याचं मी सांगितलं नाही. लाज वाटली. विचारलं तेव्हा माय म्हणाली, "कवा-कवा घेतेत थोडी." माय खोटं बोलली नव्हती, ती घराची अब्रू झाकत होती. पण त्या एका वाक्यानं आमचा एक अख्खा दिवस गेला.

तिसऱ्या रात्री खोलीतून आवाज यायला लागला. मी कडी काढून आत गेलो. बापू उभे होते आणि दोन्ही हातांत कासरा धरल्यासारखी मूठ वळलेली होती. "हो हरण्या, हो... सरळ चल लाल्या..." ते खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नांगर धरून चालत होते. भिंतीजवळ आले की वळायचे, पायानं ढेकूळ बाजूला सारायचे. माय दारातून म्हणाली, "अहो, कुणाला बोलूलालाव?" त्यांनी तिच्याकडं बघितलं, पण ओळखलं नाही. मग खाली बसले आणि चादरीवरून काहीतरी वेचायला लागले. मुंग्या, म्हणे. चादरीवर एकही मुंगी नव्हती.

गावात असं कुणी बघितलं की बाहेरचं म्हणतात. आमच्याकडंही शेजारच्या काकूंनी लिंबू आणायला सांगितलं. पहाटे चारच्या सुमारास बापूंचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं, दात लागले आणि हातपाय झटकायला लागले. मी त्यांच्या दातांत चमचा घालायला गेलो. (तसं कधीच करायचं नसतं, हे नंतर समजलं. दात तुटतात, श्वास अडकतो. माणसाला एका कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान दूर करायचं, तोंडात काही घालायचं नाही.) झटका दोन-तीन मिनिटांत थांबला असेल. मला ती रात्र संपतच नव्हती.

१०८ ला फोन केला. ग्रामीण रुग्णालयात झटक्याचं इंजेक्शन दिलं आणि लगेच नांदेडला न्यायला सांगितलं. खानापूर, नरसी, नायगाव, ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरचा तो रस्ता मी आयुष्यभर विसरणार नाही. बापूंचे हात धरून बसलो होतो. ते अजूनही अधूनमधून बैल हाकत होते.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, "दारू की शिंदी?" मी चमकलो. मग त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: किती वर्षं, रोज किती, आणि शेवटची कधी. मायनं पुन्हा "कवा-कवा" म्हणायला तोंड उघडलं. मॅडम तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, मला खरं सांगा. तुमच्या उत्तरावर औषधाचं माप ठरणार आहे." तेव्हा माय ढसाढसा रडली आणि सगळं सांगितलं. सकाळची बाटली, दुपारची, संध्याकाळच्या दोन.

पुढं जे कळलं ते दोन-तीन दिवसांत, तुकड्या-तुकड्यानं कळलं. मी माझ्या भाषेत सांगतो.

झाडाची ताजी नीरा गोड असते. ती काही तासांतच आंबते आणि तिच्यात बिअरइतपत अल्कोहोल तयार होतं. पण झाडं मोजकी आणि गिऱ्हाईक भरपूर. मग काही ठिकाणी पाणी, साखरेऐवजी सॅकरीन, आणि नशा यावी म्हणून क्लोरल हायड्रेट, म्हणजे ज्याला आमच्याकडं सीएच पावडर म्हणतात ते, किंवा अल्प्राझोलाम, डायझेपामसारखी झोपेची औषधं घालतात. क्लोरल हायड्रेट हे एकोणिसाव्या शतकातलं झोपेचं औषध. अशा शिंदीत अल्कोहोल कमी आणि गुंगीचं औषध जास्त असू शकतं, तेही कुठल्या बाटलीत किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सीमेपलीकडं तेलंगणात २०१५ मध्ये भेसळीच्या कल्लूवर कारवाई झाली आणि माल अचानक बंद झाला. तेव्हा निजामाबाद भागात थरथरणाऱ्या, भ्रमात बडबडणाऱ्या, झटके येणाऱ्या माणसांनी दवाखाने भरून गेले होते. मॅडमनी "दारू की शिंदी" का विचारलं, ते हे ऐकल्यावर समजलं.

अल्कोहोल असो की ही औषधं, ती मेंदूला दाबून ठेवतात. वर्षानुवर्षं कुणी वेसण ओढून धरली की बैल तेवढ्याच जोरानं मान पुढं ताणायला शिकतो. मेंदूही तसाच, दाबाखाली चालता यावं म्हणून आतून जोर वाढवत जातो. एका दिवसात वेसण सोडली की सगळा जोर मोकळा सुटतो, आणि मग बैल उधळतो. थरकाप, घाम, वाढलेला रक्तदाब, धडधड, झटके, आणि दोन-तीन दिवसांनी येणारा तो भ्रम, हे सगळं त्या उधळण्यातलं. दारूच्या बाबतीत या भ्रमाला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार नाही मिळाले तर माणूस त्यात मरू शकतो. मी कडी लावून जे केलं होतं ते हेच.

त्यांनी सगळ्यात आधी बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची इंजेक्शनं सुरू केली. ग्लुकोज चढवलं होतं असं मी सांगितल्यावर मॅडमच्या कपाळावर आठी आली. रोज पिणाऱ्या, नीट न जेवणाऱ्या माणसाच्या अंगात बी-१ आधीच संपत आलेलं असतं. त्यात नुसती साखर गेली तर उरलंसुरलंही ती पचवण्यात खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. नजर हलते, तोल जातो, गोंधळ उडतो. वेळेत बी-१ मिळालं नाही तर आठवण कायमची जाऊ शकते, आणि मग माणूस रिकाम्या जागा मनानंच रचलेल्या गोष्टींनी भरत राहतो. बापूंचा तोल पुढं दोन महिने डगमगता होता. आठवण वाचली.

दुसरं औषध ऐकून मी गोंधळलो. डायझेपाम. झोपेच्याच जातीतली गोळी. दाजी फोनवर म्हणाले, "ही तर गोळीच्या जागी गोळी झाली, सुटलं कुठं?" मी हाच प्रश्न मॅडमना विचारला. त्यांनी केसपेपरवर लिहून दाखवलं: आज इतकी, तिसऱ्या दिवशी इतकी कमी, मग आणखी कमी, आणि या तारखेला शून्य. दुकानातल्या बाटलीत किती विष आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. इथं माप कागदावर होतं आणि ते दर दोन-तीन दिवसांनी उतरत होतं. पंपाचं माप सांगून पोट भरणाऱ्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही.

भ्रम तीन दिवस राहिला. त्या तीन दिवसांत आमचं काम एकच. खोलीत उजेड ठेवायचा, गर्दी करायची नाही, आणि दर थोड्या वेळानं शांतपणे सांगायचं, "बापू, आपण नांदेडला दवाखान्यात आहोत. मी तुमच्याजवळ आहे." कितीदा सांगितलं त्याचा हिशोब नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "तू जेवलास का रे?"

तिथं अकरा दिवस काढले. आमच्या समोरच्या खाटेवर चाळिशीतला एक जण होता, देशी पिणारा. डोळे हळदीसारखे, हातपाय काड्या, आणि पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं. त्याची बायको रोज त्याचं पोट टेपनं मोजून वहीत लिहायची, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं. लिव्हर आधी चरबीनं भरतं, मग सुजतं, आणि शेवटी त्याचे व्रण होऊन ते दगडासारखं कठीण होतं. पहिल्या टप्प्यात पिणं थांबवलं तर ते बहुतेक पूर्ववत होतं, शेवटच्या टप्प्यातून पूर्णपणे परत येता येत नाही. कठीण लिव्हरमधून रक्ताला वाट मिळेना की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, आणि एखादी फुटते. आमच्या सहाव्या रात्री त्याची फुटली. घमेलं भरेल एवढं रक्त पडलं. पहाटे खाट रिकामी झाली. ती वही त्या खाटेखालीच राहिली होती. मी ती उचलून सिस्टरांकडं दिली, दुसरं काय करावं सुचलं नाही.

पलीकडं एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता, संभाजीनगरला शिकायला गेलेला. तिथं पोरं झोपेच्या गोळ्यांना बटन म्हणतात. हा त्या गोळ्यांवर खोकल्याचं कोडीनवालं औषध प्यायचा, वर कधी दारू. ही तिन्ही श्वास मंदावणारी. एकत्र आली की झोपेतच श्वास थांबू शकतो. त्याच्या खोलीतल्या मित्रांना वाटलं गाढ झोपलाय, घोरतोय. ओठ निळे दिसले म्हणून एकानं रिक्षा केली, म्हणून तो जिवंत होता. त्याचे वडील दिवसभर त्याच्या पायाशी बसून असायचे. एक शब्द बोलायचे नाहीत.

तिथल्या समुपदेशक ताईंनी मायला आणि मला वेगळं बसवून तासभर दिला. मी त्यांना कडीचं सांगितलं. माझी मान वर होत नव्हती. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही एकटे नाही." एम्सच्या केंद्रानं केलेलं देशभराचं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागं जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे सगळे घरात, कडीआड नाहीतर कडीबाहेर. दाजींनी सुचवलेल्या दुसऱ्या एका उपायाबद्दलही मी विचारलं. ओळखीच्या कुणाला एका ठिकाणी नेऊन साखळीनं बांधून सोडवलं होतं. ताईंनी स्पष्ट सांगितलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाचा आजारही येतो आणि रुग्णाला साखळीनं बांधायला त्यात सरळ मनाई आहे. त्यांनी मला १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा नंबर दिला, आणि मन सैरभैर झालं तर टेलिमानसचा १४४१६. दोन्ही फुकट. १४४१६ मी स्वतःसाठी फिरवला, दोनदा. ज्याच्या घरात हे चालू आहे त्यानं फिरवावा.

घरी आल्यावर खरी लांबण लागली. बापूंना कित्येक आठवडे नीट झोप नव्हती. बारीकसारीक गोष्टींवर डोळे भरायचे. संध्याकाळी सहाला त्यांचे पाय आपोआप चपलांत जायचे. तेव्हा माय त्यांना काहीतरी काम सांगायची, शेंगा फोडा, दोरी वळा, आणि मी दुकानातून लवकर निघायचो. कुणीतरी मायला चहात मिसळायची "दारू सोडवायची पावडर" आणून दिली होती. गुपचूप, चव लागत नाही म्हणे. सुदैवानं तिनं आधी मला दाखवली. मी पाकिटाचा फोटो मॅडमना पाठवला. अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते अंगात असताना दारू प्यायली की दारूचं अर्धवट पचलेलं विष साठतं, चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. बंद केल्यावरही त्याचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला माहीतच नाही तो पिणार, आणि हृदय कमजोर असेल तर तिथंच राहणार. हे औषध डॉक्टर देतात, पण तपासून, आणि रुग्णाला सांगून. पुडी चुलीत गेली.

पाच महिन्यांनी बापू पुन्हा प्यायले. मामांच्या दहाव्याला. पूर्वीच्या सवयीनं तीन बाटल्या. पण शरीराची सवय गेलेली होती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि पाजणाऱ्यालाही. जी मात्रा आधी त्यांना नुसती उभं ठेवायची, तिनं आता आडवं केलं. हाक मारली तरी उठेनात, श्वास लांब-लांबून येत होता. या वेळी मी कडीकडं गेलो नाही आणि लिंबाकडंही नाही. कुशीवर वळवलं, म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही, आणि १०८ लावला. गाडीत बसल्या बसल्या किती वाजता किती घेतली ते कागदावर लिहिलं आणि दवाखान्यात गेल्यावर सगळ्यात आधी तो कागद दिला.

शुद्धीवर आल्यावर बापू माझ्याकडं बघेनात. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी मॅडम त्यांना म्हणाल्या, "बापू, पाच महिने राहिलात ना? ते कुणी पुसू शकत नाही. इथून पुढं मोजू." ते मला कधीच सुचलं नसतं.

आता दीड वर्ष झालं. दर महिन्याला नांदेडला जातो. मध्ये एकदा त्यांनीच विचारलं, "त्या रात्री मी काय करूलालो होतो रे?" मी सांगितलं, नांगरत होता, हरण्या-लाल्या होते. "कोणती पट्टी?" मी म्हणालो, मला काय माहीत बापू. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नाल्याकडचीच असंल."

गेल्या आठवड्यात आमच्या दुकानात तणनाशक घ्यायला आलेला एक जण माप विचारून झाल्यावरही घुटमळत राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाला, "माझी बायको घेती. लई घेती. कोंडून ठेवावं म्हणतो." मी त्याला मागच्या पोत्यांवर बसवलं आणि हे सगळं सांगितलं. मंगळवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघं नांदेडला निघणार आहोत. ती रोज किती घेते ते लिहून आण, घरात असेल ती बाटली सोबत घे, आणि तोवर तिची एकदम तोडू नकोस, असं त्याला सांगून ठेवलंय. मधे हात जास्त थरथरले, उलट्या झाल्या किंवा काही भलतंच दिसायला लागलं, तर मंगळवारची वाट बघायची नाही. माझा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये मीच टाकून दिला.